गजाननभाऊंचा खण

लोकप्रशासन हा विषय मी सव्वीस वर्षं शिकवते आहे, आणि या सव्वीस वर्षांत सरकारी कचेरीची पायरी मोजून तीनदा चढले आहे. तिन्ही वेळा रांगेत नवरा उभा होता आणि मी बाहेर सावलीत बसून दुसऱ्या दिवशीच्या तासाच्या नोट्स वाचत होते. हे मी कुणाला सांगत नसे. पण यंदा दुसऱ्या वर्षाच्या वर्गात फाईल हालचाल नोंदवहीचं महत्त्व मी रंगात येऊन समजावत होते. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली की त्या वहीत तारीख, नाव, सही. म्हणजे कागद हरवायचा प्रश्नच नाही! तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं शांतपणे विचारलं, "मॅडम, ती वही वाचतं कोण?"

"चांगला प्रश्न आहे. त्याकडे आपण नंतर येऊ," मी म्हटलं. शिक्षकाला उत्तर येत नसलं की तो हेच म्हणतो, आणि हे विद्यार्थ्यांना पक्कं ठाऊक असतं. ती मुलगी नुसती हसली. ते हसणं मला आठवडाभर टोचत राहिलं.

शेवटी मी सुमेधला फोन केला. सुमेध तायडे माझा जुना विद्यार्थी, मूळचा अकोल्याचा, आता अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याला नायब तहसीलदार. म्हटलं, तुझ्या कचेरीत येऊन बसते, कारभार चालतो कसा ते पाहते. तो मग म्हणाला, "या ना मॅडम. फक्त परत गेल्यावर लिहाल तेव्हा तालुक्याचं नाव लिहू नका." शब्द दिला होता, तो पाळते. चांदूर बाजार नव्हे, अंजनगाव सुर्जीही नव्हे. संत्र्याचा तालुका आहे, एवढ्यावर समाधान माना.

अमरावती, सोमवार

पुण्यात रिक्षावाला आपल्याला काही विचारत नाही. बहुतेकदा बसूही देत नाही. अमरावतीच्या रिक्षावाल्यानं स्टेशनापासून राजकमल चौक येईपर्यंत माझं गाव, माझी नोकरी, मुलं किती आणि ती काय करतात एवढं सगळं काढून घेतलं. मग आरशात बघत म्हणाला, "अन् इकडं काहून आल्या?"

"शासनाचा अभ्यास करायला."

"शासन पाह्याले अमरावतीले? पुण्यात संपलं का?"

हा माणूस माझ्या वर्गात असता तर माझी नोकरी धोक्यात आली असती. उतरताना त्यानं आपणहून सांगितलं, की त्या कोपऱ्यावर गिला वडा खा, मग कुठं जायचं तिथं जा. मी गेले. एक घास खाल्ला आणि सहज म्हटलं, "अरे, हा तर आपला दहीवडाच!" गाडीवाल्यानं काही न बोलता प्लेट परत घ्यायला हात पुढे केला. मी माफी मागितली, दुसरी प्लेटही घेतली, तेव्हा कुठे तो निवळला. वऱ्हाडी माणूस तुमच्यावर रागावला तर ते तुम्हाला लगेच कळतं. पुण्यात ते कळायला सहा महिने लागतात आणि तेही तिसऱ्याकडून.

तालुका, मंगळवार

कचेरीत मी सकाळी पावणेदहालाच हजर झाले. बाहेर कडुनिंबाखाली अर्ज लिहून देणारे टेबलं मांडून बसले होते. त्यांचा कारभार आतल्यापेक्षा लवकर सुरू झाला होता. सुमेध दारात भेटला, वाकून नमस्कार केला, आणि "मॅडम, जिल्ह्याची व्हीसी आहे," असं म्हणत एका खोलीत शिरून व्हिडिओ बैठकीच्या पडद्यासमोर बसला. पुढचे दोन दिवस मी त्याला बहुतेक त्याच खोलीत पाठमोरा पाहिला. जाताना एका वयस्क माणसाला सांगून गेला, "मॅडमना जे पाहिजे ते दाखवा."

तो माणूस म्हणजे गजाननभाऊ. शिपाई. चौतीस वर्षं नोकरी, या महिनाअखेर निवृत्ती. उंच, सडसडीत, कानावर पेन. माझ्या पाठ्यपुस्तकात कार्यालयाची एक उतरंड आहे: वर तहसीलदार, खाली नायब, मग अव्वल कारकून, मग कारकून. शिपाई त्या आकृतीत नाहीच, पान संपतं. इथं मात्र अव्वल कारकूनसुद्धा आपली खुर्ची मागे सारून गजाननभाऊंकडे चालत येत आणि म्हणत, "भाऊ, ते नाल्याचं प्रकरण द्या ना जरा."

आणि गजाननभाऊ म्हणत, "वस्तू?"

मला आधी कळेना. मग मी त्यांच्या टेबलाचा खण पाहिला. आत एक चष्म्याची डबी, दोन दुचाकींच्या किल्ल्या, एक टिफिनचं झाकण, एक सोन्याचं पाणी दिलेलं पेन, आणि खरं सांगते, एक डाव्या पायाची चप्पल. त्या चपलेचा मालक उजवी चप्पल घालून पलीकडच्या टेबलावर इमानेइतबारे फेरफार लिहीत बसला होता. प्रत्येक वस्तूला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर फाईलचं नाव. फाईल परत आली की वस्तू परत.

"अन् हालचाल नोंदवही?" मी आवंढा गिळून विचारलं.

"आहे ना!" त्यांनी कपाटावरून ती काढली, फुंकर मारली. पानं सुंदर भरलेली. पण महिनाभराच्या नोंदी एकाच शाईत, एकाच वळणात.

"महिन्याच्या शेवटी बसतो अन् लिवून टाकतो," गजाननभाऊ म्हणाले. "तपासनीवाले साहेब शेवटचं पान पाहतेत, सही करतेत. बाकी ते कोनाले पाह्यजे? किल्ली मात्र ज्याची त्याले पाह्यजेच, बाप्पा. चौतीस वर्सात एक कागद गेला नाई."

मी वहीत टिपून घेतलं: 'औपचारिक यंत्रणेस समांतर अनौपचारिक यंत्रणा. सुधारणेस वाव.' हे शेवटचे दोन शब्द लक्षात ठेवा, ते माझ्या चांगलेच अंगाशी आले.

दुपारी एक बाई आल्या. साठीच्या, सुती नऊवारी, हातात पिशवी. थेट गजाननभाऊंपुढे उभ्या राहिल्या. "भाऊ, शुक्कुरवारचं पक्कं ना?"

"पक्कं, वच्छलाबाई. फाईल कपाटात हाय. घोर नका करू."

वच्छलाबाई राऊत यांची संत्र्याची बाग आहे, महादेवराव काळे यांच्या वावराच्या मागे. बागेला जायला पांदण रस्ता, म्हणजे बैलगाडी जाईल एवढा गावाचा जुना रस्ता. तो सरकारी नकाशावर ठळक आहे. जमिनीवर मात्र अकरा वर्षांपासून त्यावर महादेवरावांचं तारेचं कुंपण आणि त्यात त्यांची तूर आहे. वच्छलाबाई नाल्यातून, बांधावरून वळसा घालून बागेत जातात. माणूस जातो, पण गाडी जात नाही. मागच्या वर्षी व्यापाऱ्याची गाडी रस्ता नाही म्हणून फिरून गेली आणि अर्धी संत्री झाडाखालीच गळून कुजली. यंदा शनिवारी गाडी येणार होती. त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, कुंपण काढून रस्ता मोकळा करायचा ठरला होता.

"संत्रं कोनाची वाट पाहत नाई, बाई," त्या मला म्हणाल्या. "पिकलं का पडते."

बुधवार, बांधावर आणि परत

सकाळी तलाठी रेखाताई मला गाडीवर मागे बसवून ते ठिकाण दाखवायला घेऊन गेल्या. तलाठी हे पद आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालं आहे, असं कचेरीच्या पाटीवर लिहिलंय. वाटेत भेटलेल्या बारा जणांनी त्यांना "तलाठीबाई, रामराम" असंच म्हटलं.

महादेवराव कुंपणाजवळ खाट टाकून बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, आवाज तिशीतला. त्या दिवशी त्यांच्या वावरात रोडग्यांचा बेत होता. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, त्यावर तूप, बाजूला वांग्याची भाजी, आणि ती भाजी अशी की पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दुसऱ्या घासाला मी आणखी मागितली. दोन रोडग्यांत धडधाकट गडी गार होतो म्हणतात. मी चार खाल्ले. पुण्याच्या बाईनं चार खाल्लेले पाहून महादेवरावांचं माझ्याविषयी मत एकदम चांगलं झालं.

"रस्ता मोकळा करायच्या कागदावर सही केलीत म्हणे तुम्ही?" मी विचारलं.

"केली ना. तुमचा तो सुमेध साहेब तीन सांजा ओट्यावर येऊन बसला. चहा पेला, माह्या बैलायचे नावं पाठ केले. मंग म्हने, काका, रस्ता द्या. म्हटलं, घे." ते थांबले. "या बाईच्या मालकानं अकरा वर्सांआंधी इचारलं असतं तं तवाच देला असता. गाडी घातली सरळ वावरात, इचारलं नाई. तो गेला बिचारा. आता बाईवर काय राग ठेवाचा? पन एक सांगतो मॅडम, आमच्या घरात सही एकडावच करतेत. कागद पाहीन अन् कुंपन काढीन. कागद नसंन तं मी सही केलीच नाई, समजा."

यात गंमत एवढीच होती, की ते गंमत करत नव्हते. रेखाताईंनी परतताना सांगितलं, की त्यांच्या शब्दाला जिल्हा ओळखतो आणि त्यांच्या हट्टालाही.

दुपारी कचेरीत परत आले तर सगळीकडे सामसूम. सुमेध व्हीसीत, बाकीचे व्हीसीसाठी आकडे जमवण्यात. मला तो समजुतीचा कागद प्रत्यक्ष वाचायची हुक्की आली. गजाननभाऊंकडे फाईल मागितली. त्यांनी कपाटातून काढली, आणि हात पुढे केला.

"वस्तू?"

इथं माझ्यातली सव्वीस वर्षं जागी झाली. मी म्हटलं, "गजाननभाऊ, तुमची पद्धत प्रेमळ आहे, पण ती पद्धत नव्हे. नोंदवही कशासाठी आहे? आज आपण नियमानं करू. काढा वही." मग मी त्यांना उभ्याउभ्या दहा मिनिटं हालचाल नोंदवहीचा सिद्धान्त समजावला. ते माणूस म्हणून फार मोठे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कानावरचं पेन काढलं, आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: फाईलचं नाव, तारीख, 'पुण्याच्या मॅडम'. मी झोकात सही केली. त्या वहीतली ती बहुधा एकमेव खरी नोंद असेल.

"मी आता निंगतो, मॅडम," ते म्हणाले. "उद्या पेन्शनच्या कामाले नागपूरले जाऊन राहिलो. फाईल वाचून झाली का कपाटात ठेवजा."

मी कोपऱ्यातल्या टेबलावर फाईल उघडली, आणि चार रोडग्यांनी आपला अंमल सुरू केला. जाग आली तेव्हा पाच वाजून गेले होते आणि अकोल्याची गाडी सुटायला वीस मिनिटं होती. सुमेधच्या आईकडे मुक्काम ठरला होता. टेबलावरचे सगळे कागद गोळा केले, पिशवीत कोंबले, वर वच्छलाबाईंनी दिलेली संत्री ठेवली, आणि धावले.

अकोला, गुरुवार

सुमेधची आई, सुशीलाताई, सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. आता निवृत्त आहेत, पण घरात आलेल्या प्रत्येकाची नाडी अजून नजरेनंच तपासतात. मला पाहताच म्हणाल्या, "रोडगे खाल्ले ना? किती?" चार म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला आणि दुपारपर्यंत ताकाशिवाय काही दिलं नाही. अकोल्याचं ऊन माघातच अंगावर धावून येतं. आम्ही पंख्याखाली बसलो होतो. दुपारी कढी-गोळे जेवायची परवानगी मिळाली आणि तेवढ्यात सुमेधचा फोन आला.

"मॅडम, उद्या रस्ता पाहायला येऊ नका. बहुतेक बारगळतंय." त्याचा आवाज पडला होता. "फाईल सापडत नाहीये."

"कुठली?"

"पांदणीची. काल कपाटात होती. गजाननभाऊ नागपूरला, त्यांचा फोन घरी चार्जिंगला. खण पाहिला, त्या फाईलची वस्तू नाही. म्हणजे फाईल कुणी नेलीच नाही. आणि नेली नाही तर कपाटात पाहिजे. कपाटं तीनदा रिकामी केली. महादेवकाकांना दुसऱ्यांदा सही मागितली तर..."

आता मी जे केलं ते लिहिताना कान गरम होतात. मी त्याला समजावलं. मी म्हटलं, "बघ सुमेध, मी हेच सांगत होते. खण, वस्तू, चप्पल, याला का व्यवस्था म्हणायची? अभिलेख व्यवस्थापन नावाचं एक शास्त्र आहे." आणि मी ते शास्त्र त्या बिचाऱ्याला फोनवर पहिल्यापासून सांगितलं. तो मधूनमधून "हो मॅडम" म्हणत होता. वर्गातही असाच म्हणायचा.

फोन ठेवल्यावर सुशीलाताई भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "आमच्या दवाखान्यात केसपेपर हरवला का आमी आंधी मोठ्या डॉक्टरचा कोट झाडून पाहो. हरवलेला कागद नेहमी सगळ्यात शिकलेल्या मानसापाशी सापडते."

मी मोठ्यानं हसले. वाक्य छान होतं, टिपून ठेवावं म्हणून पिशवीतून माझी वही काढली आणि नवीन पानावर मथळा लिहिला: 'फाईल गहाळ होण्याची कारणे.' त्याखाली एक, दोन, तीन असं करत पाच कारणं लिहिली. सहावं आठवेना म्हणून कालच्या नोट्स काढायला पुन्हा हात घातला, तर तीन संत्र्यांच्या खालून पिवळं पुठ्ठ्याचं पाकीट निघालं. वर गजाननभाऊंच्या अक्षरात लिहिलं होतं: पांदण रस्ता, राऊत विरुद्ध काळे.

सहावं कारण मी स्वतः होते.

"काय झालं, मॅडम? चेहरा काहून उतरला?" सुशीलाताईंनी विचारलं. मी पाकीट वर धरलं. त्यांनी ते पाहिलं, मला पाहिलं, आणि खाली बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

मला मात्र रडू येत होतं. मला त्या बाईची संत्री दिसत होती. सुमेध व्हीसीत अडकला होता, त्याचा फोन संध्याकाळी लागला. मी एका दमात सगळं सांगितलं.

"मॅडम, नोंद केली होती का?"

"हो रे. वहीत. सहीसुद्धा आहे माझी."

"वही टेबलावरच होती," तो हळू म्हणाला. "दिवसभर आम्ही तिच्यावरच चहाचे कप ठेवत होतो. कुणी उघडलीच नाही."

मग तो साहेब झाला. कुंपण काढायचं मशीन उद्या बारापर्यंत आहे, त्यानंतर ते दुसऱ्या गावी जाणार. सकाळच्या पहिल्या गाडीनं निघा आणि थेट वावरात या.

बांधावर, शुक्रवार

पहिल्या गाडीचं चाक दर्यापूरच्या पुढे फुटलं. वाहक खाली उतरला, चाकाकडे पाहिलं, आणि तंबाखू मळायला बसला. "दुसरी गाडी मागून येऊन राहिली," म्हणाला. "कधी?" "येईन ना."

साडेनऊ, दहा. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून येणाऱ्या प्रत्येक वाहनाला हात करत होते. पुण्यात हे कधी केलं नसतं. शेवटी एक टेम्पो थांबला. आत लाल कोट घातलेली सात माणसं, एक भला थोरला ढोल आणि दोन पिपाण्या. लग्नाची बँडपार्टी. त्यांचं लग्न त्याच गावच्या पलीकडे होतं. मी ढोलावर बसून गेले, कारण दुसरीकडे जागा नव्हती. वाटेत त्यांना सगळी हकिकत सांगितली, तर ड्रायव्हरनं गाडी अशी हाणली की सरकारी काम एवढ्या वेगानं जाताना मी पुस्तकातही वाचलं नव्हतं.

बाराला पाऊण तास कमी असताना आम्ही पांदणीच्या तोंडाशी पोचलो. पिवळं मशीन उभं होतं. सुमेध, रेखाताई, दोन पोलीस, गावातली पंधरावीस माणसं. कुंपणाच्या अलीकडे वच्छलाबाई मुकाट उभ्या होत्या, पलीकडे महादेवराव खाटेवर. आणि मधे गजाननभाऊ, मान खाली घालून.

महादेवरावांचा आवाज लांबूनच ऐकू येत होता. "चौतीस वर्स कागद नाई हरवला म्हने! अन् आता जाता जाता हरवला? मतारा झाला रे गजानन! घरी बस, नातू खेळव!"

गावातली माणसं हसत होती. मला वाटलं, फाईल कुठे होती ते गजाननभाऊंना अजून ठाऊक नसेल. मी सुमेधकडे पाहिलं. तो माझ्या कानाशी म्हणाला, "सकाळीच सांगितलं त्यांना. म्हणाले, बाई पाव्हनी हाय, नाव घेऊ नका. मी ऐकून घेतो."

त्या माणसानं मला नियम शिकवला नव्हता, वाद घातला नव्हता, आणि आता माझ्याऐवजी चारचौघांत मान खाली घालून उभा होता. मी टेम्पोतून उतरले, कुंपणापाशी गेले आणि पाकीट महादेवरावांच्या हातात दिलं.

त्यांनी चष्मा लावला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, तिसऱ्यावरची आपली सही बोटानं चाचपली. मशीनवाला घड्याळ पाहत होता. मग त्यांनी चष्म्यावरून विचारलं, "अन् हे होतं कुठी?"

"माझ्या पिशवीत," मी म्हटलं. जितकं मोठ्यानं वर्गात बोलते तितक्या मोठ्यानं. "गजाननभाऊंनी हरवलं नाही. ते वस्तू मागत होते, मी दिली नाही. मी त्यांना नियम शिकवला आणि फाईल घेऊन अकोल्याला गेले."

मग महादेवराव म्हणाले, "म्हंजे सरकार सुधरवाले आलेली बाईच फाईल घेऊन पयाली!" आणि ते असे हसले की खाट करकरली. सगळं वावर हसलं, पोलीससुद्धा. गजाननभाऊंनी मान वर केली; पण ते माझ्याकडे न बघता, विनाकारण कानावरचं पेन नीट करत राहिले.

महादेवराव उठले. मशीनला हातानं थांब म्हणाले. "मशीन मंग चालवा. पह्यला खुंट माह्या हातचा." ऐंशी ओलांडलेल्या त्या माणसानं खुंट हलवला, हलवला, आणि उपटून बाजूला टाकला. तेवढ्यात मागून ढोल वाजला. बँडपार्टीला लग्नाला उशीर होत होता, पण एवढा मुहूर्त सोडवेना.

मशीननं अर्ध्या तासात काम केलं. लोक वाट पाहत होते की वच्छलाबाई आता काहीतरी बोलतील, हात जोडतील. त्यांनी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि त्या मोकळ्या, ताज्या मातीच्या रस्त्यानं सरळ चालत गेल्या, बागेच्या तोंडापर्यंत. तिथं थोडा वेळ थांबल्या आणि परत आल्या. न काही न्यायचं होतं, न आणायचं. महादेवरावांपुढे येऊन म्हणाल्या, "भाऊजी, इचाराचं राह्यलं होतं. जाऊ का इथून?"

म्हातारा एवढा वेळ हसत होता, तो एकदम दुसरीकडे बघायला लागला. "जाय ना माय," म्हणाला. "जाय."

संध्याकाळी कचेरीत मला त्या फाईलचं शेवटचं पान टिपून घ्यायचं होतं. रस्ता मोकळा झाल्याचा पंचनामा त्यात आता लागला होता. मी गजाननभाऊंच्या टेबलापाशी गेले. त्यांनी कपाट उघडलं, फाईल काढली, आणि तळहात पुढे केला. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मी मनगटावरचं घड्याळ काढून त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी त्याला सुतळी बांधली, चिठ्ठी लिहिली आणि खणात टाकलं, चपलेच्या शेजारी.

पुणे

शनिवारी व्यापाऱ्याची गाडी त्या रस्त्यानं आत गेली आणि भरून बाहेर आली. सुमेधनं फोटो पाठवला. महिनाअखेर आणखी एक फोटो आला: गजाननभाऊ निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी येणाऱ्याला दिलेल्या कार्यभाराची यादी. कपाटं तीन, किल्ल्या चार, हालचाल नोंदवही एक. आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदाच सरकारी कागदावर तो खण आला होता, आतल्या वस्तूंसकट. शेवटची ओळ होती: 'मनगटी घड्याळ एक, पुण्याच्या मॅडमचे, चालू. फाईल परत मिळाली आहे. गाडीच्या घाईत वस्तू नेली नाही. येऊन न्यावी.'

दुसऱ्या दिवशी वर्गात मी मागच्या बाकाकडे पाहिलं. "तुझा प्रश्न राहिला होता," मी त्या मुलीला म्हटलं. "ती वही कुणी वाचत नाही. एकदाच वाचायला हवी होती, त्या दिवशी तिच्यावर चहाचे कप होते."

"मग फाईल परत येते कशी, मॅडम?"

मी डावा हात वर केला आणि सगळ्या वर्गाला माझं रिकामं मनगट दाखवलं.